मागच्या खोलीतली घट

१

मोजणीबाईंच्या कामात मोजणं थोडं आणि बाजूला होणं फार, असं त्या स्वतःच सांगत. मोबाइलच्या टॉवरमधून निघणाऱ्या लहरी माणसाला दिसत नाहीत की ऐकू येत नाहीत, पण त्या लहरींच्या वाटेत माणूस मात्र नेमका येतो. अंगात खारं पाणी भरून हिंडणारा प्राणी तो. लहर येऊन आदळली की थोडी पितो, थोडी परतवतो आणि मागे सावली टाकतो. मीटर हातात धरून मोजायला उभं राहावं, तर मीटर खोलीचं माप सांगतच नाही, मोजणाऱ्याच्या देहाचंच सांगत बसतो.

म्हणून बाईंची तिपाई लाकडी होती, तिच्यात लोखंडाचा खिळाही नव्हता. तिपाईवर मोजणारा दांडा बसवायचा आणि आपण दुसऱ्या खोलीत जायचं. आकडे लॅपटॉपपर्यंत यायचे ते काचेच्या बारीक तारेतून, कारण तांब्याची तार स्वतःच लहरी पकडायला लागते. घरातल्या सगळ्यांना एका जागी बसवायचं, मांजर असेल तर तिलाही. मग प्रत्येक जागी गुडघ्याच्या, कमरेच्या आणि डोक्याच्या उंचीवर मोजायचं आणि काही मिनिटांची सरासरी काढायची. एवढं करूनही शेवटी लिहायचं की हा आकडा इतका इतका चुकू शकतो. ऑफिसात त्यांची थट्टा चाले की बाई चहात साखरही सरासरी काढून घालतात. बाई त्यावर हसत आणि म्हणत, "म्हणून तर माझा चहा कधी बिघडत नाही."

त्या दिवशीची तक्रार एका बाइंडरची होती. तिसऱ्या मजल्यावरचं घर, समोरच्या इमारतीच्या गच्चीवर टॉवर. दार उघडलं ते काकूंनी.

"आलात? बरं झालं. हे म्हणतात टॉवरनं होतंय, मी म्हणते वयानं होतंय. आता तुमचं मशीन कुणाची बाजू घेतं ते बघू."

बाइंडरकाका जमिनीवर पुस्तकांच्या ढिगात बसले होते. पुठ्ठे, जाड दोरा, दाभण, खळीचं पातेलं, सगळा संसार बैठकीच्या खोलीत येऊन पडला होता. चालायला पायवाटेएवढी जागा उरली होती आणि तिच्यावरून काकू सवयीनं, खाली न बघता ये-जा करत होत्या.

"काका, नेमकं काय होतं? डोकं दुखतं?"

"नाही."

"झोप येत नाही?"

"झोप लागते छान." त्यांनी नखांवर वाळलेली खळ खरवडली. "मागच्या खोलीत बसवत नाही."

"बसवत नाही म्हणजे?"

"म्हणजे बसवत नाही," काका म्हणाले आणि पुन्हा शिवायला लागले.

"तीस-पस्तीस वर्षं त्याच खोलीत बसून काम केलंय," काकूंनी खुलासा केला. "आणि आता सगळं माझ्या पायात."

२

बैठकीच्या खोलीतले आकडे सरकारनं ठरवलेल्या मर्यादेच्या पासंगालाही पुरत नव्हते. स्वयंपाकघरात खिडकीपाशी थोडे चढले, पण तिथेही काळजीचं कारण नव्हतं. बाईंनी काका-काकूंना स्वयंपाकघरात टेबलाशी बसवलं, तिपाई मागच्या खोलीत नेली आणि काचेची तार दाराखालून ओढत बैठकीत आणली. तिथून स्वयंपाकघरातली दोघंही त्यांना समोर दिसत होती.

मागची खोली टॉवरच्या अगदी समोर होती. सगळ्यात मोठा आकडा तिथेच यायला हवा, आणि खिडकीशी तो आलाही. भिंतीकडे आला, टेबलाशी आला. मग त्यांनी तिपाई टेबल आणि खुर्चीच्या मधल्या जागेत ठेवली, बाहेर येऊन बसल्या, आणि आकडा खाली गेला.

थोडाथोडका नाही, चांगला घसरला. तिपाईजवळ कोणी येऊन उभं राहिलं की घसरतो तसा. बाईंनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं. काकू लसूण सोलत होत्या, काका हात मांडीवर ठेवून बसले होते. मग त्या उठल्या आणि सवयीनं मागच्या खोलीच्या दारात जाऊन म्हणाल्या, "आत कोणी आलंय का?"

आत खुर्ची होती, टेबल होतं, कोपऱ्यात पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा होता. खिडकीतून दुपारचं ऊन टेबलावर पडलं होतं. आपल्याच प्रश्नाची बाईंना थोडी लाज वाटली.

खोलीत आकडा एकदम पडणं काही नवलाचं नसतं. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींवर आपटतात, कुठे एकमेकींना उचलून धरतात, कुठे पुसून टाकतात. पण पुसलेली जागा लहान असते, फार तर वीतभर. तिपाई जरा सरकवली की आकडा पुन्हा वर येतो. बाईंनी तिपाई वीतभर सरकवली. आकडा खालीच. आणखी वीतभर सरकवल्यावर तो वर आला. पडलेली जागा खांद्याइतकी रुंद होती. गुडघ्याच्या उंचीवर घट होती, कमरेच्या उंचीवर होती, डोक्याच्या उंचीवर होती. दांडा त्याहून वर चढवला की नाहीशी.

शिकंजा असेल, असं म्हणून त्यांनी काकांच्या मदतीनं तो बाहेर ढकलला. पत्र्याची ट्रंक बाहेर गेली. खिडकीच्या बिनपडद्याच्या दांडीवरच्या लोखंडी कड्या काढल्या. आकडा तसूभर हलला नाही.

"आता आम्हालाच काय ते उचलून जिन्यात ठेवा," काकू म्हणाल्या.

निघताना काका दारापर्यंत आले. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "जास्त आहे ना त्या खोलीत?"

"नाही काका. एके ठिकाणी उलट कमी आहे."

हे ऐकून माणसाला हायसं वाटायला हवं. काकांना वाटलं नाही. "किती कमी?" त्यांनी विचारलं.

बाईंच्या जिभेवर उत्तर आलं होतं. ते गिळून त्या म्हणाल्या, "उपकरण तपासून घेते आणि पुन्हा येते."

३

उपकरणं तपासायचं काम अण्णांकडे होतं. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे काळ्या फोमच्या सुळक्यांनी मढवलेली एक खोली. तिच्यात बोललं की शब्द तोंडातून निघतात आणि तिथेच मरतात. अण्णांनी दांडा तपासला, तार तपासली, मीटर तपासला.

"उपकरण ठणठणीत आहे," ते म्हणाले. "तू जवळ उभी होतीस."

"नव्हते अण्णा. बाहेर होते."

"मग दुसरं कोणी."

"दोघंही माझ्या डोळ्यांसमोर होती. स्वयंपाकघरात."

अण्णांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "अगं, मी जन्मभर आकड्यांतून माणसं वजा करत आलोय. माणसाची खूण मला कळते. हा माणूस आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "ती सरासरी काढून टाक बरं. मूळ रेघ बघू."

नियमानं सरासरी लागते, म्हणून सगळे सरासरीच बघतात. चुरगळलेल्या कापडावर इस्त्री फिरवावी तसं त्यात सगळं गुळगुळीत होऊन जातं. बाईंनी ती काढली. पडद्यावर मूळ रेघ आली. ती सरळ नव्हती. हळू चढत होती, हळू उतरत होती, जरा थांबून पुन्हा चढत होती.

"पंखा?" अण्णांनी विचारलं.

"बंद होता."

"पडदा हलत असेल."

"पडदे नाहीत त्या खोलीला."

रेघ पुढे सरकत राहिली. एका जागी ती ताठ झाली. चढउतार एकदम थांबले आणि दोरी ताणून धरावी तशी रेघ काही वेळ सरळ गेली. मग पुन्हा हलायला लागली, सुरुवातीला थोडी घाईनं.

बाईंनी खालची वेळ पाहिली. त्याच वेळी त्या दारात उभ्या राहून विचारत होत्या, आत कोणी आलंय का.

अण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "उपकरण चांगलं आहे," ते म्हणाले. "मी तेवढंच लिहून देऊ शकतो."

रविवारी सकाळी बाईंनी नवऱ्याला बैठकीत खुर्चीवर बसवलं आणि शेजारी तिपाई उभी केली. नवरा गाडी चालवायला शिकवायचा, त्यामुळे कुठल्याही खुर्चीत बसला की त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायचा.

"अहो, पाय हलवू नका. नुसता श्वास घ्या."

"इतकी वर्षं घोरणं ऐकतेस, तेवढ्यानं भागलं नाही?"

रेघ चढायला लागली, उतरायला लागली.

"आता श्वास धरा."

रेघ ताठ झाली. सोडल्यावर घाईनं हलली आणि मग शांत झाली. फरक एवढाच होता की त्या खोलीतला श्वास याच्याहून फार संथ होता. इतका संथ श्वास घेऊन माणूस बसेल, चालेल, बोलेल, असं बाईंना वाटेना.

"काय निघालं?" नवऱ्यानं विचारलं.

"तुम्ही जिवंत आहात."

"ते चहा देऊन विचारलं असतंस तरी सांगितलं असतं."

बाई हसल्या. मग चहा ठेवायला आत गेल्या आणि पाणी उकळून निम्मं झालं तरी ओट्याशी उभ्याच राहिल्या.

४

दुसऱ्या खेपेला त्यांनी आधी तिपाई काढलीच नाही. काकांसमोर जमिनीवर बसल्या.

"काका, त्या खोलीत काय होतं ते मला एकदा नीट सांगा. मी हसणार नाही."

काकांनी दाभण खाली ठेवलं. "पाठीला कळतं," ते म्हणाले. "मागे उभं राहून कोणी आपलं काम बघत असलं की पाठीला कळतं. मी हे काम वडिलांच्या हाताखाली शिकलो. ते असेच मागे उभे राहायचे, चकार शब्द बोलायचे नाहीत."

"म्हणजे तुम्हाला वाटतं की ते..."

"छे. वडिलांचं उभं राहणं मी ओळखीन. हे कोणी दुसरं आहे. आणि त्याला काम येत नाही. नुसतं बघतं."

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. नवऱ्यानं हे आजवर त्यांना सांगितलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"कधीपासून होतंय?"

"टॉवर यायच्या आधीपासून."

"मग तक्रार टॉवरची का केलीत?"

"टॉवरची करता येते, बाई."

बाईंनी विचारलं, मी बाहेर लक्ष ठेवून बसते, तुम्ही थोडा वेळ आत आपल्या जागी बसाल का? काकांनी बायकोकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "बसा. मी इथेच आहे."

काका एक अर्धवट शिवलेलं पुस्तक घेऊन खुर्चीत बसले. तिपाई खुर्चीशेजारी ठेवून बाई बाहेर आल्या. काकू त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे बघू लागल्या.

रेघेवर काकांचा श्वास लगेच दिसला. म्हाताऱ्या माणसाचा, थोडा धापेचा, भरभर. त्याच्याखाली दुसरी हालचाल होती, संथ आणि फिकट. लांब कुठेतरी, खिडकीपाशी असावी तशी. बाईंना वाटलं, हा आधीच्या मोजणीचा भास. डोळ्यांना जे एकदा दिसलं ते पुन्हा पुन्हा दिसतं. त्यांनी पडद्यावरून नजर काढली, भिंतीकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे बघितलं. संथ हालचाल आता तेवढी फिकट नव्हती.

ती जवळ येत होती. पावलं टाकत आल्यासारखी नाही, ओल भिंतीवर चढते तशी. दोन्ही श्वास आता सारख्याच जोराचे दिसत होते, एक भरभर आणि एक संथ, शेजारचे दोन पाळणे वेगवेगळ्या लयीत हलावेत तसे.

मग भरभर असलेला श्वास लांबायला लागला.

"हे काय गं, लाटांसारखं?" काकूंनी विचारलं. घाबरल्यावर त्या अहोजाहो विसरल्या होत्या.

काकांचा श्वास एकेका चढउताराला थोडा थोडा मागे राहत होता, दुसऱ्यासाठी थांबत होता. मग पडद्यावर दोन लयी उरल्या नाहीत. एकच रेघ, एकच श्वास, खोल आणि फार फार सावकाश.

"काकू, काकांना हाक मारा."

"अहो," काकूंनी हाक मारली. "अहो, ऐकलंत का?"

आतून काही आलं नाही. रेघ वर जाऊन थांबली आणि तिथेच थांबून राहिली.

काकू सरळ आत गेल्या, वाहता नळ बंद करायला जावं तशा, आणि नवऱ्याचा हात धरून त्यांना बाहेर घेऊन आल्या. काका चकित दिसत होते. त्यांचे ओठ निळसर झाले होते.

"काय झालं?" ते म्हणाले. "आत्ता तर बसलो."

पुस्तक त्यांच्या हातात तसंच होतं. सुईत दोराही ओवलेला नव्हता.

५

काका पाणी पिऊन आडवे झाल्यावर काकू बाईंसमोर येऊन बसल्या. "टॉवर बंद करवता येईल का तुम्हाला?"

बाई आल्यापासून याच प्रश्नाची वाट बघत होत्या. येईल म्हणणं सोपं होतं. चार ठिकाणी अर्ज केले असते, दोन खेटे घातले असते, तर निदान तपासणीपुरता तरी तो बंद झाला असता.

"काकू, टॉवर दिव्यासारखा आहे असं समजा," त्या म्हणाल्या. "त्याच्या उजेडात मला त्या खोलीत सावली दिसली. दिवा विझवला तर सावली दिसायची थांबेल."

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "सावली दिसायची थांबेल," त्या हळूच म्हणाल्या. "पण ज्याची सावली आहे..."

"त्याचं मला माहीत नाही."

"ते काय आहे?"

"मला ते मोजता येतं, काकू. सांगता येत नाही."

काकू उठल्या. "मग तुम्ही टॉवरच्या नादी लागू नका. मी जागा बघते."

महिना उलटायच्या आत दोघांनी घर सोडलं. एका छापखान्याच्या मागे तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. काकूंचा एकदा फोन आला. हे पूर्वीसारखं काम करतात, दिवसभर खळीचा वास, दिवसभर दाभणाची टकटक. "फक्त भिंतीला पाठ लावून बसतात," त्या म्हणाल्या. "बसेनात का. भिंत आपलीच आहे."

६

त्यानंतर घरमालकाचा फोन आला. नवीन कुटुंब राहायला येणार होतं. नवरा, बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. मागची खोली मुलीला अभ्यासाला द्यायची होती. टॉवर समोर असल्यामुळे त्यांना मोजणीचा अहवाल हवा होता.

"आकडा मर्यादेत आहे ना, बाई? मग तेवढंच लिहून द्या."

तेवढं लिहिलं असतं तर त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. बाई म्हणाल्या, "रिकाम्या घरात एकदा मोजते आणि लिहिते."

त्या सकाळी गेल्या. किल्लीनं दार उघडलं, आत शिरून कडी लावून घेतली. सामान गेलेलं घर फार मोठं वाटत होतं. भिंतींवर कपाटांच्या फिकट चौकटी उरल्या होत्या. नळ कुठेतरी थेंबथेंब गळत होता आणि त्याचा आवाज प्रत्येक खोलीत वेगवेगळ्या जागेहून येत होता.

आधी त्यांनी मागची खोली मोजली. टेबल आणि खुर्ची होती त्या जागी तिपाई ठेवली, बाहेर गेल्या, लॅपटॉप उघडला. आकडा पूर्ण होता. रेघ सरळ होती. त्यांनी पुन्हा मोजलं, तिन्ही उंचींवर मोजलं. खोली स्वच्छ होती. बाईंच्या मानेवरचं कितीतरी दिवसांचं ओझं उतरलं. त्या गुणगुणायलाही लागल्या. स्वयंपाकघर मोजलं, मधली जागा मोजली. शेवटची जागा उरली ती बैठकीची, बाहेरच्या दारालगतची. तिपाई दाराशी ठेवून त्या लॅपटॉप घेऊन घराच्या दुसऱ्या टोकाला, मागच्या खोलीत गेल्या आणि जमिनीवर मांडी घालून बसल्या.

आकडा पडला होता.

तार नीट बसली नसेल. त्यांनी तारेचं टोक काढून पुन्हा बसवलं. आकडा तोच. मग त्यांच्या मनात आलं की दार लाकडी आहे, बाहेर जिन्यात कोणी उभं असेल तर त्याचीही सावली पडेल. शेजारचं कोणी असेल, कुतूहलानं डोकावणारं.

"कोण आहे?" त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं.

नळ गळत राहिला. त्यांनी सरासरी काढून टाकली. रेघ हलत होती, पण या वेळी संथ नव्हती. फार वेळ एका जागी ताटकळलेल्या माणसाची असते तशी ती लहान लहान आणि अधीर होती.

घराला दुसरं दार नव्हतं.

बाई बसून राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपल्या उपकरणाचा राग आला. किती, ते कळत होतं. कुठे, ते कळत होतं. पण ते कुठे तोंड करून उभं आहे, हे कुठलाच आकडा सांगत नव्हता. सावलीला पुढची बाजू नसते. ते दाराकडे बघत असेल किंवा या खोलीकडे. जगातली सगळी मोजमापं आणून ठेवली असती तरी एवढी एक गोष्ट कळली नसती, आणि आता त्यांना तेवढीच हवी होती.

त्यांना काका आठवले. माणूस खुर्चीत असेपर्यंत ते खुर्चीच्या मागे होतं. माणूस गेला, सामान गेलं, दाराला बाहेरून कुलूप लागलं. घरात मागे राहिलेलं कोणी असलं, तर ते कुठे येऊन थांबेल? दाराशीच. हा विचार आला तशी भीती गेली नाही, पण भीतीच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं. परक्या घरात चुकून कोंडल्या गेलेल्या माणसाबद्दल वाटतं ते.

त्या उठल्या. लॅपटॉप जमिनीवरच राहू दिला. हात मोकळे ठेवून बैठकीत आल्या. तिपाई उन्हात उभी होती. दाराच्या आतल्या बाजूला काहीही नव्हतं, नुसती फरशी आणि तिच्यावर उन्हाचा पट्टा.

"चला," बाई म्हणाल्या. "मी दार उघडते."

त्या भिंतीच्या कडेकडेनं गेल्या. कडी काढली, दार पूर्ण उघडलं आणि त्याला धरून भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. वयस्क पाहुणा निघाला की वाट देतो तशा. वारा आला नाही. गारवा आला नाही. अंगावर काटा येईल असं काहीच झालं नाही. ते बाहेर गेलं की नाही, हेही कळायला मार्ग नव्हता, आणि उभं राहण्यातलं सगळ्यात अवघड तेच होतं. जिन्याच्या खिडकीत एक कबूतर घुमत होतं. ते मध्येच गप्प झालं आणि उडून गेलं.

बऱ्याच वेळानं त्या आत जाऊन पडद्याकडे बघायला धजल्या. आकडा पूर्ण होता. मागची रेघ त्यांनी सरकवून पाहिली. दार उघडल्यावरही ती लगेच वर आली नव्हती. बाईंच्या स्वतःच्या श्वासाच्या बारीक कंपाखाली ती आधी ताठ झाली होती आणि तशीच कितीतरी वेळ राहिली होती. उंबऱ्याशी कोणी घुटमळावं तशी.

७

अहवाल त्यांनी त्याच दिवशी दिला. सगळ्या खोल्या मर्यादेच्या पुष्कळ आत, घरात आक्षेपार्ह काही नाही. नवीन कुटुंब राहायला आलं. मुलगी मागच्या खोलीत अभ्यास करते, खिडकीत तिनं कुंड्या ठेवल्या आहेत, आणि त्यांची काही तक्रार नाही. बाई एकदा तिपाई घेऊन जाऊनही आल्या. खोली स्वच्छ आहे.

जिन्यात जे झालं ते त्यांनी कुठे लिहिलं नाही, अण्णांनाही सांगितलं नाही.

त्या दिवशी रिकाम्या घराला कुलूप लावून त्या खाली उतरत होत्या. एका खांद्यावर तिपाई, दुसऱ्या हातात उपकरणांची पेटी. जिना अरुंद, एका वेळी एकानंच जावं असा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक आजी भाजीच्या पिशव्या घेऊन वर येत होत्या. बाईंचं सामान बघून त्या भिंतीला लागून उभ्या राहिल्या.

"जा बाई, जा सावकाश."

"येते आजी," म्हणून बाई अंग चोरून पुढे गेल्या. काही पायऱ्या उतरल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की वर पावलं वाजत नाहीत. त्यांनी वळून पाहिलं.

आजी अजून भिंतीला लागून उभ्या होत्या. पिशव्या त्यांनी पोटाशी आणखी ओढून घेतल्या होत्या आणि मान किंचित लववली होती. जिन्यात मागून आणखी कोणी येत असलं की माणूस थांबतो तशा थांबल्या होत्या. मग वाट मोकळी झाल्यासारख्या त्या वळल्या आणि गुडघ्यावर हात टेकत वर चढायला लागल्या.

बाईंनी त्यांना हाक मारली नाही. मागे कोण होतं, असं विचारलं नाही. त्या तशाच खाली आल्या. तळमजल्याचं दार आपोआप मिटणारं होतं, त्याची स्प्रिंग जोरकस होती. बाहेर रस्ता नेहमीसारखा चालू होता. बाई बाहेर पडल्या, पेटी खाली ठेवली आणि दार मिटू लागलं तसं हात मागे नेऊन त्यांनी ते धरलं. ते किती वेळ धरून ठेवलं, हे त्यांनी मोजलं नाही.